रिकाम्या पाइपातली वायर

नणंदेनं नव्या पेट्रोलपंपाचं विजेचं काम आपल्या भावजयीला द्यायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणालाच ते फारसं रुचलं नाही. "नात्यात धंदा म्हणजे विकतचं दुखणं," असं सासरे म्हणाले. नवऱ्यानं तेवढं बजावलं, "ताई तोंडाची तिखट आहे. सांभाळून राहा."

"तिखट मला चालतं," ती म्हणाली. "ठिणगी तेवढी चालत नाही."

तिला सगळे वायरमनबाई म्हणत. आधी चेष्टेनं म्हणायचे, मग कामं बघून मानानं म्हणायला लागले. पंपांच्या कामात तर तिचा हातखंडा होता. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती पाण्यासारखी खाली उतरते, खळग्यात साचते आणि मोकळा पाइप मिळाला की त्यातून खुशाल चालत दुसऱ्या टोकाला जाते. म्हणून बाई प्रत्येक पाइपाला दोन बुचं मारायची. एक पेट्रोल भरायच्या मशीनच्या पायथ्याशी, दुसरं गल्ल्याच्या खोलीच्या भिंतीशी. त्यात वायरी सुट्या करून मसाला ओतायचा. तो वाळला की दगड. या पंपावर पुढेमागे लागेल म्हणून टाकलेला एक पाइप रिकामा होता. त्यालाही तिनं तशीच बुचं मारली होती.

पेट्रोलचा दर दाखवणाऱ्या दिव्याच्या पाटीवरून मात्र ताईंशी तिची जुंपली होती.

"पाटीची वायर वेगळ्या चरातून न्यायची," बाई म्हणाली. "मशीनच्या अंगाला लावायची नाही. उद्घाटन झाल्यावर करू."

"अंधाऱ्या पाटीनं उद्घाटन करू म्हणतेस?"

"दिवसा कोण बघतंय, ताई!"

ताई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की समजायचं, काहीतरी शिजतंय.

उद्घाटनाच्या सकाळी बाई पंपावर आली, तर बाहेर गाड्यांची रांग लागलेली आणि खांबावर पाटी लखलखतेय. बाई जागीच थांबली.

"पाटी कुणी पेटवली?"

"पाटीवाल्यानं," ताई गल्ल्याच्या दारातून म्हणाल्या. नवी साडी, केसांत गजरा, चेहऱ्यावर विजय. "काल संध्याकाळीच लावून गेला. तू उगीच चर खणत बसली असतीस. त्याला म्हणे आयता पाइप सापडला."

बाई धावत मशीनशी गेली, खालचं झाकण उचललं. रिकाम्या पाइपाचं बूच कापून टाकलेलं, त्याच्या जागी साधा जोड बसवलेला आणि त्यातून एक बारीक वायर वर येऊन पाटीच्या खांबाकडे गेलेली. आयत्या बिळावर नागोबा! कालच्या चाचणीत फिल्टरच्या जोडातून गळालेलं पेट्रोल खाली खळग्यात ओलं दिसत होतं.

ती तशीच गल्ल्याच्या खोलीकडे वळली. दारातच पेट्रोलचा वास नाकात शिरला. भिंतीशीही पाइपाचं तोंड उघडंच होतं, आणि त्याच्या शेजारी पाटीचं बटण.

"एवढं काय झालं गं? बंद करते हवं तर," म्हणत ताईंनी बटणाकडे हात नेला.

"ताई, हात मागे!"

आवाज असा की बाहेरचे गाडीवालेसुद्धा वळून बघायला लागले. ताईंचा हात हवेतच राहिला. उभ्या आयुष्यात त्यांच्यावर कुणी ओरडलं नव्हतं, आणि ही तर धाकट्या भावाची बायको!

"काही बंद करू नका, काही चालू करू नका. फोन तसाच राहू द्या. आधी बाहेर या."

ताई मुकाट्यानं बाहेर आल्या. बाईनं लांब कुंपणाच्या भिंतीवरच्या पेटीतला मुख्य खटका ओढला. पाटी विझली, मशीनं विझली. मग तिनं खोलीची दारंखिडक्या सताड उघडल्या.

"आता बोल," ताई म्हणाल्या.

"दारात उभं राहून वास घ्या."

ताईंनी घेतला. त्यांचा चेहरा उतरला.

"मशीन तिकडे लांब, आणि वास इथे?"

"पाइपातून चालत आली वाफ. बटण दाबताना आत बारीक ठिणगी उडते. रोज उडते, कुणाला कळत नाही. आज कळली असती."

ताई पदर खोचून थेट रांगेपाशी गेल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मंडळी, आज पंप बंद! चूक माझी आहे, घाई मी केली. गाड्यांची इंजिनं चालू करू नका, ढकलत फाटकाबाहेर न्या. उद्या दुपारी या."

कुणी कुरकुरलं, कुणी हसलं. पण गाड्या मागे हटल्या.

बाईनं खळग्यातलं पेट्रोल टिपून घेतलं आणि वाफ मोजायचं यंत्र खाली सोडलं. काटा शून्यावर येईपर्यंत तिनं हत्याराला हात लावला नाही. मग वायर ओढून काढली, गळका जोड आवळला आणि दोन्हीकडे नवी बुचं बसवून मसाला ओतला.

"आता हे किती वेळात वाळेल?" ताईंनी विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत. पी हळद नि हो गोरी, असं नाही होत."

एवढ्यात पाटीवाला आला. "माझी पाटी का विझवली? केसाएवढ्या वायरीनं काय होतंय?"

बाई तोंड उघडणार, तोच ताई पुढे झाल्या. "ये, बस इथं. काय होतं ते मी सांगते." आणि वाफेपासून ठिणगीपर्यंत सगळं त्यांनी असं सांगितलं, जणू जन्मभर हेच काम करत होत्या. संध्याकाळपर्यंत पाटीवाला घाम गाळत पलीकडे वेगळा चर खणत होता.

दुसऱ्या दिवशी बाईनं बुचं ठोकून पाहिली, पुन्हा वाफ मोजली आणि मान डोलावली. दुपारी पंप सुरू झाला. पहिल्या गाडीत ताईंनी स्वतःच्या हातानं पेट्रोल भरलं. गर्दी ओसरल्यावर त्या बाईजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ऐक ना. माझा तो जुना पंप आहे ना, तिथलीही पाटी मी अशीच घाईनं लावून घेतली होती. उद्या येशील बघायला?"

बाई हत्यारांची पेटी उचलून उभी राहिली.

"उद्या कशाला? तिथं फोन करून आत्ता पंप बंद ठेवायला सांगा. चला, निघू."

ताईंनी एकदा नव्या पंपाकडे पाहिलं, मग फाटकाबाहेर येऊन फोन काढला आणि बोलत बोलतच तिच्यामागे चालू लागल्या.