कडी लावून अंघोळ

लुआबाईंची अंघोळ गेले दोन आठवडे दार उघडं ठेवून होत होती आणि हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. हुकूम त्यांच्या मुलाचा, किएनचा. आईचा खांदा भाजला, आईला आता नळ कळत नाहीत, तेव्हा सुनेनं आत जाऊन अंघोळ घालायची आणि कडीला हात लावायचा नाही. एकाहत्तर वर्षांच्या बाईवर असा हुकूम सोडताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. ह्याच बाईनं हनोईच्या बाजारात जिवंत खेकडे विकून त्याला वाढवलं होतं. इतक्या वर्षांत एकाही खेकड्याला तिनं आपलं बोट दिलं नव्हतं.

आज वर्षाचा शेवटचा दिवस. उद्या तेत, नवं वर्ष. स्वयंपाकघरात फुलोऱ्याला आलेली जून कोथिंबीर मुळांसकट उकळत होती आणि तिचा वास तिन्ही मजले चढला होता. ह्या पाण्यानं जुनं वर्ष अंगावरून धुऊन टाकायचं असतं. ते दुसऱ्याच्या हातून धुऊन घ्यायला लुआबाई काही तान्ह्या नव्हत्या.

"आई, चला, पाणी झालंय," सून होआय पातेलं घेऊन वर आली.

"ठेव तिथं. मी एकटी जाणार."

किएन फुलदाणीत पीचची फांदी बसवत होता. त्यानं मान वर केली. "पुन्हा तेच? आई, आजच्या दिवशी तरी भांडू नकोस."

"भांडत नाहीये, सांगतेय. माझा खांदा मी भाजला नाही. तुझ्या पंपानं भाजला."

पंपाचं नाव काढलं की किएनला झोंबायचं. पावसाळा संपल्यावर त्यानं तो हौसेनं बसवला होता, तोही फक्त गिझरकडे जाणाऱ्या पाइपावर. गार पाणी बिचारं पूर्वीसारखंच गच्चीवरच्या टाकीतून उतरायचं. शॉवर काय फोर्स मारतो म्हणून त्यानं शेजाऱ्यांना बोलावून दाखवला होता. गिझरचा काटाही पार टोकाला नेऊन ठेवला होता.

"तू बटण बंद करायला विसरली असशील," तो म्हणाला.

"बंद केलं होतं. ह्या घरात बटण बंद केल्याशिवाय मी कधी मोरीत पाऊल टाकलंय?"

हे खरं होतं. शॉक बसेल म्हणून त्या गल्लीतलं लहान पोरसुद्धा आधी गिझरचं बटण बंद करायचं. पण बटण बंद म्हणजे धोका संपला, अशी किएनची पक्की समजूत होती. वीज बंद केली तरी गिझरच्या टाकीत भरलेलं पाणी कढतच राहतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"ये इकडे," लुआबाई म्हणाल्या. "बटण तूच बंद कर. मग बाह्या वर कर."

त्या मोरीत गेल्या. शेजारी गार पाण्याचं घमेलं त्यांनी सकाळीच भरून ठेवलं होतं. त्यांनी शॉवर सोडला आणि दोन्ही नळ फिरवून पाणी कोमट केलं. "हात धर ह्याखाली. कसं आहे?"

"छान आहे. मग?"

"होआय," लुआबाईंनी जिन्यातून हाक दिली, "खाली जाऊन भाजी धुवायचा नळ सोड. पूर्ण."

खाली पाणी वाजलं. वरची गार धार बारीक झाली आणि पंपानं रेटलेलं कढत पाणी एकटंच कोसळलं. किएननं हात ओढला, शिवी गिळली आणि मनगट घमेल्यात बुडवलं.

लुआबाईंनी शॉवर बंद केला. "भाजलं? अरेरे. तुलाही आता नळ कळत नाहीत वाटतं. उद्यापासून दार उघडं ठेव, बायको घालील अंघोळ."

होआय वर आली होती. तिनं नवऱ्याचा लाल हात पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "आई, त्या दिवशी मी खाली मोहरीचा पाला धूत होते."

"माहीत आहे. दोन आठवडे मोरीतल्या स्टुलावर बसून तुमच्या नळांचे आवाज ऐकतेय. दुसरं काम काय ठेवलंय मला?" राग त्यांच्या आवाजात आता उघड आला. "तुझी चूक नाही त्यात. पण मला विचारायचं तरी कोणी."

लुआबाईंनी गिझरखाली बोट दाखवलं. "आणि हे काय?"

सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडात चॉपस्टिकचा तुकडा ठोकलेला होता.

"गळत होतं," किएन पुटपुटला. "तेतला पाणी गळलं तर वर्षभराचं नशीब गळतं."

"म्हणून टाकीचं तोंड बंद केलंस? कुकरची शिट्टी बुजवून भात लावतं का रे कोणी? फुटली असती तर नशिबाबरोबर छप्परही गेलं असतं."

मग लुआबाईंनी दोघांनाही कामाला लावलं. पंप बंद. गरम नळ सोडून टाकीतला दाब आधी उतरवला, कढत पाणी वाहून जाऊन धार गार पडेपर्यंत नळ तसाच ठेवला, मग कुठे चॉपस्टिक पक्कडीनं बाहेर ओढली. काटा पन्नासच्या खुणेवर आला. किएन गच्चीवर जाऊन पंप पुन्हा लावून त्याचा दाब थोडा थोडा उतरवत राहिला. खालून होआय नळ सोडायची, मोरीतून लुआबाई ओरडायच्या, "अजून कमी." गरम आणि गार धार एकसारखी पडेपर्यंत त्यांनी त्याला खाली येऊ दिलं नाही.

गिझर पुन्हा लावून पाणी तापलं तेव्हा व्हॉल्व्हमधून थेंब पडू लागले. किएननं त्या थेंबांकडे कसनुसं पाहिलं.

"पडू दे," लुआबाई म्हणाल्या आणि खाली एक वाडगा ठेवला. "तुझ्या पीचच्या फांदीला घालीन. नशीब घरातच राहील."

त्यांनी बटण बंद केलं, कोथिंबिरीचं पातेलं उचललं, आत गेल्या आणि कडी लावली. कडीचा आवाज मुद्दाम मोठा काढला.

बाहेर दोघं उभेच होते.

"आई," किएन दाराला तोंड लावून म्हणाला, "ठीक आहे ना?"

"होआय," आतून आवाज आला, "खालचा नळ सोड."

"आत्ता? तुम्ही शॉवरखाली असताना?"

"म्हणूनच. बाजूला होऊन उभी आहे, हात तेवढा धारेत आहे. सोड."

होआय खाली गेली. नळ धो धो वाहू लागला. किएन दाराला कान लावून ऐकत राहिला. शॉवरचा आवाज बदलला नाही. मग कोथिंबिरीचा वास फटीतून बाहेर आला आणि अंगावर पाणी घेतल्याचा आवाज झाला.

"कोमट आहे," लुआबाई म्हणाल्या. "आता दारापासून हला दोघं."