लिअँडरला दिलेलं मत

लिअँडर स्टॅनफिल आणि मी एकाच म्हाताऱ्या वकिलाच्या हाताखाली कायदा शिकलो. त्याच्या घोड्याला दाणा घालायचा, पुस्तकांवरची धूळ झटकायची आणि वेळ उरला तर वाचायचं. मी वाचायचो, लिअँडर गप्पा मारायचा. पुढे केंटकीच्या त्याच गावात दोघांनी वकिली मांडली. कायदा मला तोंडपाठ, पण ज्युरी त्याची. तो बोलायला उभा राहिला की शेतकरी तंबाखू चघळायचे थांबत. मी उभा राहिलो की त्यांना खोकला येई. माझा जळफळाट व्हायचा. का होऊ नये?

टॅबिथाशी लग्न माझं झालं, तरी घरी कौतुक त्याचंच. "काय बोलतात हो लिअँडर! तुम्ही बोलता तेव्हा वाटतं, कोणीतरी वाणसामानाची यादी वाचतंय."

मग जिल्हा न्यायाधीशाची जागा रिकामी झाली. तारुण्यापासून मी त्या खुर्चीवर डोळा ठेवून होतो. मी अर्ज भरला आणि दुसऱ्याच दिवशी लिअँडरनेही भरला.

आमच्याकडे मत तोंडी देतात. कोर्टासमोर टेबल, मागे शेरीफ, बाजूला दोघे उमेदवार. मतदार सगळ्यांदेखत नाव घेतो, आणि ज्याचं घेतलं त्याने उठून आभार मानायचे. शिवाय एक रीत आहे, कायद्यात कुठेही नसलेली. उमेदवार स्वतःला मत देत नाही, समोरच्याला देतो. फिट्टंफाट होते आणि दोघांची सभ्यता राहते.

लिअँडरने सकाळीच टेबलासमोर जाऊन टोपी काढली. "गिडियन हॉल्कम! याच्याइतका कायदा या जिल्ह्यात कोणाला येत नाही, मलाही नाही!" काय टाळ्या पडल्या! त्या टाळ्यांवर माझं मत कुठे टिकणार? "मी मागून देतो," असं म्हणून मी बसून राहिलो.

दिवसभर उन्हात लोक येत राहिले. कढईतलं रटरटणारं बर्गूचं कालवण ओरपून, व्हिस्कीचा घोट घेऊन कोणी माझं नाव घेई, कोणी त्याचं. सूर्य कलला तेव्हा शेरीफ घसा साफ करून म्हणाला, "दोघांची मतं सारखी. गिडियन, आता तू एकटाच उरलास."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. खानावळीच्या ओसरीवर टॅबिथा उभी होती.

"अरे, स्वतःचं नाव घे की!" गर्दीतून कोणी ओरडलं. "कायदा थोडाच अडवतोय!"

कायदा अडवत नव्हता. एक शब्द, की खुर्ची माझी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लिअँडर माझ्याकडे झुकला. "घे रे खुशाल तुझं नाव," तो हळूच म्हणाला. "मी मनाला लावून घेणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचं सकाळचं मत नसतं, तर मी एका मताने मागेच असतो. म्हणजे खुर्ची द्यायची यानेच, वर बसायची परवानगीही यानेच! रोज न्यायासनावर चढताना मला याचे उपकार आठवणार. त्यापेक्षा ती खुर्ची गेली खड्ड्यात.

"लिअँडर स्टॅनफिल!" मी ओरडलो.

टोप्या हवेत उडाल्या. लिअँडरने मला मिठीच मारली. टॅबिथा गर्दीतून वाट काढत आली, डोळे पुसत. "तुमचं मन एवढं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं हो!" आजवर ती त्याचं भाषण ऐकताना जशी बघे, तशी त्या दिवशी माझ्याकडे बघत होती. खरं कारण काय सांगणार तिला?

लिअँडर न्यायाधीश झाला, मग राज्याच्या विधिमंडळात गेला, तिथून थेट वॉशिंग्टनला. मी अजून इथेच, बांधाची भांडणं सोडवत. पण गडी प्रत्येक निवडणुकीला चौकात येतो, मला शेजारी उभं करतो आणि माझ्या त्या मताची गोष्ट सांगतो. गेल्या वेळीही सांगितली. शेरीफचा खाकरलेला घसा, कललेला सूर्य, मित्राचा त्याग. बायका हुंदके देत होत्या, तंबाखू चघळणं थांबलं होतं, आणि माझाही हात रुमालाकडे गेला.

घरी येताना टॅबिथाने माझा हात धरला.

"बरं झालं त्यांनी सांगितली," ती म्हणाली. "तुम्हाला इतकी छान जमली नसती."