भावजयीला दिलेला फ्रिज

विनार्तीच्या स्वयंपाकघरात नवं सामान आलं, तेव्हा जुन्या फ्रिजचं काय करायचं हा प्रश्न तिच्या नवऱ्याला पडला होता, तिला नव्हता. तिनं मनात कधीच ठरवलं होतं. तो लासमीला द्यायचा. लासमी तिची भावजय, धाकट्या भावाची, जुमादीची बायको. सोलो शहरापासून बसनं तासाभरावर देलांगूजवळच्या खेड्यात राहायची. सोयाबीन शिजवून, आंबवून, केळीच्या पानात बांधून टेम्पे विकायची. तिच्या घरात फ्रिज कधी आलाच नव्हता.

दुकानाचा माणूस नवा फ्रिज लावायला आला. अर्ध्या विजेत चालणारा, आवाज न करणारा, दारावर चार चांदण्या असलेला. त्याच्या शेजारी इंडक्शनची शेगडी, तिच्या शेजारी वीज वाचवणारा भाताचा कुकर. सगळं जोडून झाल्यावर त्यानं जुन्या फ्रिजच्या मागं वाकून हात लावला आणि चटकन काढून घेतला.

"बू, हा कुणाला वापरायला देऊ नका बरं का," तो म्हणाला; मोठ्या बायकांना तिथं सगळे बूच म्हणत. "कॉम्प्रेसर संपत आलाय. थंड करतो, पण वीज ढोसतो नुसता. भंगारात घाला."

"हो हो, घालते," विनार्ती म्हणाली.

आणि तो जिना उतरतो न उतरतो तोच तिनं जुमादीला फोन लावला.

जुमादी कुणाचातरी टेम्पो मागून घेऊन आला. लासमीही आली होती. जिना उतरेपर्यंत तिनं फ्रिजला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. निघताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्बाक, इतकं कशाला?" असं ती, ताई म्हणावं तसं म्बाक म्हणत, तीनदा म्हणाली. विनार्तीनं थोरल्या नणंदेच्या तोऱ्यात तिच्या पाठीवर थोपटलं. "अगं, टाकून द्यायला माझा जीव होईना. तुझ्या उपयोगी पडेल." असं म्हणता म्हणता तिला ते खरंही वाटलं.

त्यानंतर दर रविवारी बसच्या कंडक्टरबरोबर टेम्प्याच्या पुड्या येऊ लागल्या. ताज्या, अजून कोमट. विनार्ती त्या नव्या फ्रिजमध्ये ठेवायची.

महिन्याची भिशी तिच्या घरी होती, तेव्हा बायका स्वयंपाकघर बघायला झुंबड करून आत आल्या. विनार्तीनं बिल निम्म्यावर आल्याचं सांगितलं. मग, कुणी न विचारताच, जुना फ्रिज भावजयीला दिल्याचंही सांगितलं.

"नशीबवान आहे बाई तुमची भावजय," बू मुर्नी म्हणाली. ही बू मुर्नी भिशीतली सगळ्यांत वडीलधारी आणि जिभेनं तिखट. "माझ्या नणंदेनं मला आयुष्यात एक डाव दिला नाही, फ्रिज तर लांबच!"

सगळ्या हसल्या. विनार्तीला अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं झालं.

पुढच्याच महिन्यात या बायका एका लग्नाला क्लातेनला गेल्या. परत येताना गाडीत उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. देलांगूची पाटी दिसताच बू मुर्नी ओरडली, "अहो बू विन, तुमची भावजय इथंच ना? चला, तुमच्याच फ्रिजचं गार पाणी पिऊन जाऊ."

विनार्तीला नाही म्हणायला काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही ते हवंच होतं. चारचौघींसमोर लासमी आपल्याला म्बाक म्बाक करेल, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं होतं.

लासमी ओल्या हातांनी बाहेर आली आणि इतक्या भरजरी बायका ओट्यावर बघून गडबडली. चटई अंथरली, पंखा लावला. "बसा, बसा. मी पाणी आणते."

"गार आण हो!" बू मुर्नी म्हणाली. "विनबाईंच्या फ्रिजमधलं!"

"हो तर, गारच," लासमी म्हणाली आणि जवळजवळ पळतच आत गेली.

मदत करावी म्हणून विनार्ती तिच्या मागं गेली. आतल्या खोलीत फ्रिज भिंतीला लावून उभा होता. त्याच्यावर क्रोशाचं पांढरंशुभ्र झाकण घातलेलं. दार सताड उघडं होतं, आणि लासमी गुडघ्यांवर बसून त्यातून कपडे काढत होती. मुलीचे, सेकारचे, शाळेचे गणवेश, नमाजाची पांढरी ओढणी, जुमादीचा सणासुदीचा बाटिकचा सदरा. घडी घातलेले ढीग ती भराभर खाटेवर टाकत होती. आतून डांबरगोळ्यांचा वास येत होता. फ्रिजची वायर गुंडाळून, दोऱ्यानं बांधून खिळ्याला अडकवलेली होती.

लासमीनं वर पाहिलं.

"म्बाक, पाचच मिनिटं," लासमी कुजबुजली. "तुम्ही बाहेर त्यांना बोलण्यात गुंतवा. मी शेजारणीकडून बर्फ आणते." आणि ती परसदारानं गेलीसुद्धा.

विनार्ती एकटी त्या उघड्या दारापुढं उभी राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. बाहेरून बू मुर्नीचं हसणं ऐकू आलं. तिनं कपडे होते तसे आत कोंबले आणि दार लावून टाकलं. आपण हे का केलं, हे तिला नीट कळत होतं.

थोड्या वेळानं लासमी गुलाबी सरबताचे ग्लास घेऊन ओट्यावर आली. प्रत्येकात बर्फ खळखळत होता. "घ्या," ती हसून म्हणाली. "म्बाकच्या फ्रिजचं."

"अगंबाई, हा तर नव्यापेक्षा गार करतो!" एकजण म्हणाली. विनार्तीनं मान हलवली आणि ग्लास तोंडाला लावला.

जाताना बू मुर्नी हात धुवायला आत गेली. विनार्ती मागोमाग धावली, पण उशीर झाला होता. बू मुर्नी फ्रिजपुढं उभी होती. तिनं दार उघडलं नाही. फक्त त्याच्या कुशीवर तळवा टेकवला. चालू फ्रिजची कूस कोमट लागते, हे कुठल्या बाईला माहीत नसतं? तिनं हात तसाच ठेवला, मग खिळ्याला अडकवलेल्या वायरकडं पाहिलं, मग विनार्तीकडं. आणि बाहेर गेली.

गाडीत ती सोलोपर्यंत लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत राहिली. मटण चिवट होतं म्हणे. फ्रिजचं नावही तिनं काढलं नाही. तिनं चार टोमणे मारले असते तरी विनार्तीला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी पुड्या आल्या तशा तिनं ओट्यावरच राहू दिल्या. नवऱ्यानं विचारलं, "तळत नाहीस?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच बसनं देलांगूला गेली.

लासमी पानं पुसत बसली होती. विनार्तीला बघताच तिनंच आधी तोंड उघडलं. "म्बाक, रागावू नका. चूक माझीच. मला फ्रिज सांभाळता आला नाही. आमचं विजेचं मीटर आधी पैसे भरून चालवायचं. शिल्लक संपत आली की टीं-टीं करत बसतं, सगळ्या गल्लीला ऐकू जातं. लोक विचारायला लागले, म्हणून बंदच केला. हे म्हणाले, म्बाकला सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल."

"तुझी चूक नाही," विनार्ती म्हणाली. वाटेत जुळवलेलं सगळं ती विसरली होती. "मला माहीत होतं, लासमी. दुकानाच्या माणसानं सांगितलं होतं, हा वीज खातो, कुणाला देऊ नका. तरी दिला."

लासमीचा हात थांबला. मग पुन्हा पान पुसू लागला.

"तेव्हाच सांगायचं होतंत," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, घरातलंच कुणीतरी वीज उधळतंय. ह्यांच्याशी भांडले, पंखा लावून झोपतात म्हणून. सेकारच्या मागं लागले, दार उघडं टाकतेस म्हणून. एकदा पाठीत धपाटा घातला तिच्या. ती म्हणत होती, आई, मी लावलं होतं गं दार. मी ऐकलं नाही."

विनार्तीनं तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली.

"मी तो घेऊन जाते. नवीन लहानसा घेऊन देते तुला, कमी विजेचा."

"नको. उंदीर शिरत नाहीत त्यात, कपडे चांगले राहतात."

"मग तो राहू दे. पण नवीन तरी..."

"आत्ता नको, म्बाक." लासमीच्या आवाजात राग नव्हता, पण ती वरही बघत नव्हती. "मला तुमच्याकडून काही घ्यायचं नाही आत्ता. एवढं मात्र करा. सेकार शाळेतून येईल, तिला तुम्ही सांगा. तिला अजून वाटतं, फ्रिज तिच्यामुळं बिघडला."

विनार्ती ओट्यावर बसून राहिली. भिशीतल्या बायकांना सांगायचं असतं, तर तिनं शब्द शोधले असते. नऊ वर्षांच्या पोरीला काय सांगायचं?

सेकार आली. दप्तर काढलं, रीतीप्रमाणं आत्याचा हात कपाळाला लावला. विनार्तीनं तो हात सोडला नाही.

"सेकार, फ्रिज तुझ्यामुळं बंद पडला नव्हता. तो मी दिला तेव्हाच खराब होता."

"तुम्हाला माहीत होतं, बुडे?" तिनं आत्याला विचारलं.

"हो."

"आणि आईला?"

"नाही. फक्त मला."

सेकारनं थोडा विचार केला. मग तिनं आपला हात सोडवून घेतला आणि घरात धावली.

"आई! बघ, मी दार लावलं होतं! मी सांगितलं होतं ना तुला!"

आतून लासमीच्या रडण्याचा आवाज आला. विनार्ती उठली, आत जायला दोन पावलं टाकली आणि उंबऱ्यापाशी थांबली. ती तिथंच, उन्हात, कुणीतरी आत बोलावेल म्हणून उभी राहिली.