मैनेचा खोकला

"अवो, आधी डागदरास्नी फोन करा की!" कृष्णातची बायको बाळाबाई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

"सर तिकडं. खोकल्याला कशाला डागदर?" कृष्णातनं गुळाच्या खड्यात गोळी दाबली अन् मैनेच्या तोंडात सारली.

मैना त्याची घोडी. आमच्या कागलच्या अंगाला जत्रांमधून घोडा-बैलाच्या गाड्या पळतात, त्यात तिला सर्जा बैलाच्या जोडीला जुंपायचे. पोरबाळ नसलेल्या त्या घरात तिचे लाड काय विचारता! तिला खोकला झाला आणि शेजारचा पिराजी आपल्या म्हशीच्या सुजल्या कासेवरच्या उरलेल्या गोळ्या घेऊन आला. "म्हशीला गुण आला, घोडीला न यायला काय झालं?" म्हणाला. डेअरीला दूध घालणारा आमच्याकडचा प्रत्येक माणूस अर्धा डॉक्टर असतो, दुसऱ्याच्या जनावरापुरता.

आणि खोकला खरंच थांबला. कृष्णात गावभर सांगत सुटला. मग मैनेनं वैरण सोडली, पाठोपाठ पाण्यासारखी हगवण लागली. शेपूट, मागचे पाय, गोठ्यातली काळी माती, सगळं ओलं.

बैल गेला अन् झोपा केला, तसा कृष्णात तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे धावला. स्नेहलताईंनी गोठ्यात येऊन सलाईन लावलं, गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"कुणी दिल्या ह्या?"

"म्याच."

"काका, घोड्याचं पोट आतल्या चांगल्या जंतूंवर चालतं. ह्या गोळ्यांनी तेबी मेले. आतडं सुजलंय आता."

"वाचंल न्हवं?"

ताईंनी दुसरी बाटली अडकवली.

बाळाबाई मैनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली. भांडली नाही, रडली नाही. तिनं नवऱ्याला चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. सकाळी धुकं विरायच्या आत मैना गेली, आणि बाळाबाई लुगडं झटकून म्हशीची धार काढायला गेली. डेअरीची वेळ झाली होती.

उसाच्या बांधाला जेसीबीनं खड्डा काढला. कृष्णात कडेला हात खाली सोडून उभा होता. त्याला काही वाटत नव्हतं, अन् काही वाटत नाही याचंही त्याला काही नव्हतं.

पिराजी शेजारी येऊन तंबाखू मळत राहिला. काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणाला, "पर खोकला थांबला हुता, गड्या."

"व्हय," कृष्णात म्हणाला. "खोकला थांबला हुता."