धूळ नसलेली फुप्फुसं

बघायला गेलं तर मित्रांनो, मी एक जुनी, बूड कापलेली प्लास्टिकची बाटली आहे. पण माझ्या पोटात दोन लाल फुगे आहेत, बुडाला ताणून बांधलेलं रबर आहे आणि गळ्याशी चिकणमातीने लिंपलेली नळी आहे. रबर खाली ओढलं की फुगे फुगतात, सोडलं की बसतात. माणूस श्वास कसा घेतो ते मी दाखवते. निदान मला तसं वाटायचं.

मला घडवलं एका विद्यार्थिनीने. विज्ञानाची पदवी घेऊन ती विद्यापीठात विज्ञान संवाद शिकायला आली होती. शास्त्रातल्या गोष्टी साध्या माणसांपर्यंत साध्या शब्दांत कशा पोहोचवायच्या, त्याचं हे शिक्षण. वर्गात तिला सगळे बडबडी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. तीन बाटल्या कापताना वाकड्या झाल्या, चौथी मी. "ही बघ, जमली!" म्हणत तिने मला आईपुढे नाचवलं. आई म्हणाली, "अगं, एवढं शिकून शेवटी बाटल्या नि फुगेच का?" रबर मात्र तिने चार वेळा ओढून पाहिलं. माझे ते दिवस सुखाचे होते.

विभागाची एक रीत होती. कार्यक्रम संपला की प्रत्येकाने दाराशी ठेवलेल्या डब्यात एक चिठ्ठी टाकायची. हसरा चेहरा, गप्प चेहरा किंवा रडका चेहरा, जो पटेल तो. शिवाय मागच्या बाकावर एक वर्गमित्र तक्ता घेऊन बसायचा आणि हात किती वर झाले, हशा किती वेळा पिकला, याच्या रेघा ओढायचा. त्या रेघांवर प्रबंध उभा राहायचा. मार्गदर्शक सरांचं वाक्य ठरलेलं होतं, "माणसं घाबरून घरी जाता कामा नयेत."

एकदा आम्ही खडीच्या कारखान्याशेजारच्या वस्तीत गेलो. तिथे दगड फोडतात. झाडांची पानंसुद्धा पांढरी, खिडकीवर बोट फिरवलं तर बोट पांढरं. पत्र्याच्या एका लांब खोलीत लोक जमले होते. पहिल्या रांगेत कारखान्याचे मुकादम बसले होते. बावीस वर्षं यंत्रापाशी काढलेला, अंगाने वाळलेला, पण मोठा मिश्कील माणूस. बडबडीने त्यांनाच पुढे बोलावलं. त्यांनी माझं रबर ओढलं. फुगे टम्म फुगले आणि टाळ्या पडल्या.

"काका, आता तुम्हीही असाच मोठा श्वास घ्या."

त्यांनी घेतला, आणि खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना टेबल धरावं लागलं. बडबडी हजरजबाबी. ती म्हणाली, "बघा, बाटली काकांना भारी पडली!" सगळी खोली हसली. डोळे पुसत मुकादमही हसले. मागच्या बाकावर हशाच्या रकान्यात एक रेघ पडली.

मग धापा टाकत त्यांनी विचारलं, "ताई, यात धूळ गेली तर काय होईल?"

धूळ दाखवायची माझ्यात सोयच नव्हती, आणि सरांचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. "काका, आज फक्त श्वास. धुळीचं पुन्हा कधीतरी बघू," ती म्हणाली. तक्त्यावर लिहिलं गेलं, ‘प्रश्न एक, विषयाबाहेरचा’. जाताना मुकादमांनी डब्यात हसरा चेहरा टाकला.

लोकांच्या किती लक्षात राहिलं हे तपासायला आम्ही चार महिन्यांनी घरोघर फिरलो. मुकादमांच्या घरी त्यांच्या पत्नीने दार उघडलं. रबर ओढलं की आत जागा वाढते, जागा वाढली की हवा आत येते, असं काकूंनी न अडखळता सांगितलं. दहापैकी दहा गुण! बडबडी खूश झाली. "काकू, तुम्ही तर माझ्यापेक्षा छान सांगता. काका कामावर का?"

"ते गेले बाई. आज अठरा दिवस झाले."

बडबडीने पेन खाली ठेवलं. काकू हळू आवाजात सांगू लागल्या, "छातीचा फोटो काढायचं ठरलं होतं. मागे लागून लागून मी त्यांना तयार केलं होतं. आदल्या दिवशी तुमचा कार्यक्रम झाला. घरी आले ते खुशीतच. म्हणाले, ‘अगं, मी स्वतः ओढून बघितलं. आत सगळं लाल नि मोकळं असतं. माझा नुसता खोकला आहे.’ आणि गेलेच नाहीत." मग बडबडीचा चेहरा पाहून त्याच म्हणाल्या, "तुमचा दोष नाही हो. त्यांना निमित्तच हवं होतं. पाणी देऊ का?"

ते निमित्त मी होते. फोटो काढला असता तर ते वाचले असते का, मला ठाऊक नाही. पण धुळीतलं काम तरी सुटलं असतं, चार दिवस जास्त मिळाले असते. मला माझीच लाज वाटली.

बडबडीने हे सगळं प्रबंधात लिहिलं. सर काही वाईट माणूस नव्हते. वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "फार वाईट झालं. पण एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही. परिशिष्टात घाल." परिशिष्ट म्हणजे प्रबंधाचा माळा, तिथे सहसा कुणी चढत नाही. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी मला उचललं, रबर ओढलं आणि ते लहान मुलासारखे हसले.

"सर, यात धूळ दाखवलेली नाही," बडबडी म्हणाली. "त्यामुळे काय झालं ते परिशिष्टात आहे."

"हो, हो, बघतो सवडीने," म्हणत त्यांनी सही केली.

तिला पहिला वर्ग मिळाला. शेवटच्या दिवशी तिने मला विभागाच्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि मागे न बघता निघून गेली. आता माझं रबर चिकट झालंय, एक फुगा विरलाय. माझ्यापुढे पाटी आहे, ‘सर्वांत यशस्वी नमुना. चौऱ्याण्णव टक्के हसरे चेहरे.’ दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि ती पाटी वहीत उतरवून घेतात. त्या हसऱ्या चेहऱ्यांत एक मुकादमांचा आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मी फुटले तर दुसरी बाटली अर्ध्या तासात होईल. पण तुम्ही कुणाला काही समजावून सांगत असाल आणि समोरचा माणूस खोकला, तर बोलणं थांबवा. कार्यक्रम बिघडला तर बिघडू द्या. त्याला बसायला खुर्ची द्या आणि आधी एवढंच विचारा, "काका, हा खोकला कधीपासून आहे?"