हिरवी रिबीन

"हिरवीच बांधतो गो बाय. लग्नाच्या आहेराला दुसरी शोभत नाय," म्हणत केरूमामांनी खालच्या फळीवरचं तिसरं रीळ न बघताच उचललं.

पालीच्या मालनबाई भाचीच्या लग्नासाठी कपबशांचा संच घ्यायला आल्या होत्या. रत्नागिरीच्या बाजारात अशी दुकानं चार, पण खोक्यावर रिबिनीचं फूल वळून मिळायचं ते इथेच. बावीस वर्षं केरूमामाच ते वळत होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. हिरवं आणि काळं एकच दिसायचं. म्हणून त्यांनी फळी पाठ केली होती. पहिलं लाल, दुसरं पिवळं, तिसरं हिरवं, चौथं काळं. रंग चुकला की नोकरी गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साठीच्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करणार?

फूल झकास वळलं. मामांनी खोका पुढे सरकवला.

"अगो बाई, काळी?" मालनबाई ओरडल्या. "माझ्या भाचीच्या मुळावर उठलात काय वो?"

गल्ल्यावर बसलेला मालक महिपतशेठ खो खो हसला. "मीच हलवली रिळं सकाळी. म्हटलं, बघूया म्हाताऱ्याला किती दिसतं ते."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत उजेड कमी हाय शेठ," ते कसंबसं म्हणाले.

"मग उजेडात चला की!" शेठने सगळी रिळं दाराशी स्टुलावर मांडली. "हिरवी काढा. काढलीत तर नोकरी ऱ्हायली."

गिऱ्हाइकं कोंडाळं करून उभी राहिली. मामांनी एकेक रीळ डोळ्यांशी नेलं. लाल, पिवळं बाजूला काढलं. दोन उरली. त्यांतलं एक त्यांनी देवाचं नाव घेऊन उचललं.

"ही हिरवी."

"शाबास मामा!" शेठ म्हणाला. "बांधा आता."

मामांच्या जिवात जीव आला. जुनी रिबीन सोडून ते नवं फूल वळू लागले. चौथ्या पाकळीला मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"पुरे करा वो शेठ," मालनबाई हळूच म्हणाल्या. "पुन्हा काळीच हाय ती. म्हातारं माणूस..."

मामांची बोटं थांबली. राग आला, पण लाज त्याहून मोठी होती.

एक पाकळी राहिली होती. ती त्यांनी वळली, बाकीच्या चारींशी सारखी केली. रिबिनीची टोकं तिरकी कापली. मग कात्री शेठसमोर ठेवून ते दाराशी गेले आणि पायाने आपल्या चपला चाचपू लागले.