अकरा झेंड्या

"भाऊजी, मुकाट्यानं माझ्या झेंड्या द्या!"

"माझ्या शेतात उभ्या, त्या माझ्या!"

बांधाच्या अल्याड आमची काकू, पल्याड शेजारचा तडतड्या, आणि मधे मी, पुतण्या म्हणून पकडून आणलेला. हसू दाबून दाबून माझ्या पोटात कळ आली होती.

त्याचं असं झालं. गावाला खेटून लाकडाचे खांब औषधात मुरवायचा कारखाना होता. मालक पळाला, खांबही गेले, काळं तेल तेवढं मातीत राहिलं. ते झिरपत झिरपत काकूच्या विहिरीत उतरलं. चार वर्षं बिचारी लांबच्या नळावरून पाणी वाहत होती. शेवटी सरकारी मातीवाल्या बाई आल्या, जागोजाग भोकं पाडून माती तपासायला घेऊन गेल्या. परवा परत येऊन, जिथं विष निघालं तिथं लाल झेंड्या रोवून गेल्या.

गावात आवई उठली, लाल झेंडी म्हणजे जमीन गेली. झालं! काकूनं काल पहाटे उठून आपल्या अकरा झेंड्या उपटल्या आणि तडतड्याच्या शेतात रोवल्या. "जाऊ दे मेल्याची," म्हणाली.

दुपारी बाईंनी कर्ण्यावरून सांगितलं, उद्या यंत्र येईल, झेंडीखालची माती उचलून नवी टाकेल, जवळची विहीरही साफ करून देईल. फुकट! मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत अख्खं गाव लाल. कुणी परकर फाडला, कुणी गादीची खोळ. न्हाव्यानं तर दुकानाच्या पायरीवरच झेंडी लावली. त्याला पायरी नवी हवी होती.

आज सकाळी आमचं हे भांडण रंगात आलेलं असताना बाई आल्या आणि कपाळाला हात लावून बांधावरच बसल्या.

"आता यातली खरी कुठली? यंत्र परत पाठवते. पुन्हा तपासणी, पुन्हा सहा महिने."

काकूचं तोंड एवढंसं झालं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! माझंही हसू पळालं, तिचे घट्टे पडलेले हात मला दिसत होते. पण ती ताडकन पुढं झाली.

"बाई, मीच उपटल्या. पण चार वर्षं हा वास नाकात घेऊन जगतेय. डोळे मिटून भोकं दाखवते, चला."

आणि निघाली की! पदर खोचलेला, डोळे बंद, नाक वर. मागे पहार घेऊन बाई, त्यांच्या मागे सारं गाव.

"हे एक!" बाईंनी पहार मारली. काळी माती. "हे दोन!" बाई पहार मारत गेल्या, दर वेळी काळी माती, एकही चुकेना. अकराव्याला लोकांनी शिट्ट्या मारल्या.

काकू काही थांबेना. बांध ओलांडून थेट तडतड्याच्या वांग्यांत शिरली.

"वहिनी, नाटकं पुरे! इथं तर झेंडी तुम्हीच रोवलीत!"

"गप्प बसा. इथंही येतोय वास."

"यांनी आम्हाला इथं पाऊलच टाकू दिलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि पहार मारली. काळी कुळकुळीत माती.

तडतड्या बघतच राहिला. मग बारीक आवाजात म्हणाला, "तरीच म्हटलं, माझ्या वांग्यांना कीड कशी लागत नाही!"

सगळे पोट धरून हसले. बाईसुद्धा.

तेवढ्यात यंत्र धडधडत आलं. "कुठून सुरू करू?" चालकानं विचारलं. "इकडे! इकडे!" सगळं गाव ओरडलं. तडतड्यानं सगळ्यांना ढकलत वाट काढली आणि यंत्रापुढं उभा राहिला.

"आधी वहिनींची विहीर. मग बाकीचं."

काकूला रडू फुटलं. आणि रडता रडताच ती त्याच्यावर खेकसली, "भाऊजी, बघत काय राहिलात? आधी ती वांगी उपटा!"